कुलीन लांडगा

नावाविषयी काही लिहायचे म्हटले की शेक्सपिअरच्या ज्युलिएटला पाचारण करायचे आणि तिचा तो सुप्रसिद्ध प्रश्न तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घ्यायचा, अशी महाविद्यालयीन वार्षिकांकांत जुनी प्रथा आहे. मी तिला त्रास देणार नाही. तिचा प्रश्न प्रेमात पडलेल्या मुलीचा होता. माझा प्रश्न हजेरीपटावरचा आहे, आणि तो मला सकाळी साडेसातच्या तासाला पडला.

झाले असे, की या वर्षी आम्ही अठरा जणांनी जर्मन भाषेच्या प्रमाणपत्र-वर्गात नावे घातली. (त्यांतले नऊ उरलो आहोत. बाकीच्यांचा निकाल जर्मन व्याकरणाने लावला.) पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितले, की संभाषणाच्या सरावासाठी प्रत्येकाने एकेक जर्मन नाव घ्यावे, वर्गात त्याच नावाने हाक मारली जाईल. ग्रंथालयातल्या एका जुन्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटी नावांची यादी होती. ते पुस्तक बाकांवरून फिरू लागले. माझे नाव आदित्य, घरी आणि बाहेर सगळे मला ‘आदी’ म्हणतात. यादी ‘अ’पासूनच सुरू होत होती, आणि पहिल्याच पानावर मला माझे नाव सापडले. आडोल्फ, आणि पुढे कंसात त्याचे लाडके रूप : आदी. जर्मनांचा ‘ड’ आपल्या ‘ड’ आणि ‘द’ यांच्या मध्ये कोठेतरी असतो, त्यामुळे ते ‘आडी’ही ऐकू येते, पण मला ते ‘आदी’च वाचायचे होते. माझी पाळी आली तेव्हा मी उठून म्हणालो, “आडोल्फ.”

मागच्या बाकावर हशा पिकला. कोणीतरी उजवा हात ताठ पुढे केला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

“दुसरे निवड,” त्या म्हणाल्या.

मी विचारले, “का बाई? यादीत आहे की.”

“यादी जुनी आहे.”

मला वाद घालायची खोड आहे हे माझ्या वर्गबंधूंना ठाऊक आहे. मी म्हणालो, की नाव म्हणजे नुसता शब्द, त्या शब्दाने कोणाचे काय वाकडे केले? एका माणसाच्या पापासाठी एक सबंध नाव वाळीत टाकणे ही अंधश्रद्धाच नव्हे काय? बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “हे नाव कोठून आले, त्याचा अर्थ काय, ते शोधून आण. वर्गात दहा मिनिटे सांग. त्यानंतरही तुला तेच हवे असले तर मी ते हजेरीपटावर लिहीन.”

हे आव्हान होते. मी ते स्वीकारले आणि नावाचे वकीलपत्र घेतल्याच्या थाटात ग्रंथालयात जाऊन बसलो.

प्रारंभी तर सगळा पुरावा माझ्याच बाजूने निघाला. आडोल्फ हे जोडनाव आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या उच्च जर्मन भाषेत त्याचे रूप ‘आडालवोल्फ’ असे होते. ‘आडाल’ म्हणजे कुलीनता, थोर वंश. आजही जर्मनमध्ये सरदारवर्गाला ‘आडेल’ म्हणतात, आणि उमद्या, थोर मनाच्या माणसाला ‘एडेल’. ‘वोल्फ’ म्हणजे लांडगा. नावाचा अर्थ झाला कुलीन लांडगा. आपल्या कानाला हे विचित्र वाटेल. आपला लांडगा मेंढ्या पळवणारा, गोष्टीतल्या खोटारड्या पोराला शेवटी खरोखरच भेटणारा. कोणी आपल्या बाळाला लांडगा म्हणणार नाही. आडनाव म्हणून ‘लांडगे’ चालते, ते वेगळे. परंतु जर्मानिक टोळ्यांच्या योद्ध्याला लांडगा हा रणांगणावरचा सोबती वाटत असे. त्याची चिकाटी, कळपाने लढण्याची त्याची रीत यांचा त्याला हेवा होता. आणि आपणही अगदीच परके नाही. संस्कृतच्या तासाला भीमाचे एक नाव आपण शिकलो आहोत : वृकोदर, लांडग्याचे पोट असलेला. हा ‘वृक’ आणि तो ‘वोल्फ’ ही एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. लॅटिनमधला ‘लूपुस’ आणि ग्रीकमधला ‘लिकोस’ ही त्यांचीच भावंडे. म्हणजे आडोल्फच्या नावातला अर्धा भाग भीमाच्या नावात बसलेला आहे! हे वाचले तेव्हा ग्रंथालयात मी एकटाच मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

पुढे मात्र एक गोष्ट कळली, आणि ती मला या सगळ्या अभ्यासातली सर्वांत मौजेची वाटते. जुन्या जर्मन नावांचा ‘अर्थ’ असा शब्दाला शब्द जोडून लावायचाच नसतो. त्या लोकांकडे नावांचे ठरावीक तुकडे होते. हिल्ड म्हणजे युद्ध, गेर म्हणजे भाला, सीग म्हणजे विजय, फ्रीड म्हणजे शांतता, रिश म्हणजे सत्ताधारी, बेर्ट म्हणजे तेजस्वी, ब्रांड म्हणजे आग किंवा तलवार, हेल्म म्हणजे शिरस्त्राण, आणि शिवाय वोल्फ. त्यांतले दोन घ्यायचे, एकमेकांना जोडायचे, की झाले नाव. एक तुकडा बापाच्या घराण्यातला, एक आईच्या, अशीही रीत असे. हिल्डेब्रांडाचे जे जुने जर्मन काव्य अर्धवट स्वरूपात शिल्लक आहे, त्यात आजा हेरिब्रांड, बाप हिल्डेब्रांड आणि मुलगा हाडुब्रांड आहे. ‘ब्रांड’ हा तुकडा वारसाहक्काने खाली आलेला. या जोडकामात अर्थाचे काय होते ते पाहायचे असेल तर हिल्डेगुंड हे मुलीचे नाव पाहा. हिल्ड म्हणजे युद्ध आणि गुंड म्हणजेही युद्ध. मुलीचे नाव युद्धयुद्धा! गेरट्रूड म्हणजे भाला आणि बळ. अशी नावे घेऊन कित्येक जर्मन आज्या आयुष्यभर शांतपणे लोकर विणीत बसल्या. बाराव्या शतकातली बिंगेनची हिल्डेगार्ड ही तर मठवासिनी. तिने भजने रचली, औषधी वनस्पतींवर लिहिले, आणि तिच्या नावाची सुरुवात मात्र युद्धाने.

तेव्हा ‘कुलीन लांडगा’ हा अर्थ खरा असला, तरी तो आपण मागाहून लावलेला. नाव ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात बहुधा एवढेच असावे, की पोर आमच्या घरचे आहे हे नावावरून कळावे.

हे दोन्ही तुकडे आज जिवंत आहेत, हेही सांगितले पाहिजे. ‘आडाल’ हा तुकडा आडेलहाईड या नावात आहे, आणि आडेलहाईडचे लाडके रूप म्हणजे हायडी. योहाना श्पिरी यांच्या १८८० सालच्या गोष्टीतली, आल्प्सच्या कुरणात शेळ्यांमागे धावणारी ती मुलगी! इंग्रजीतली ॲलिस ही फ्रेंचच्या वाटेने आलेली याच आडेलहाईडची पणती. ‘वोल्फ’ हा तुकडा मोत्सार्टच्या आणि गटेच्या वोल्फगांगमध्ये आहे; रुडॉल्फमध्ये आहे, ज्याचा अर्थ कीर्तिमान लांडगा. चौथ्या शतकात गॉथ लोकांसाठी लिपी तयार करून त्यांच्या भाषेत बायबल आणणारा धर्मगुरू होता त्याचे नाव वुल्फिला, छोटा लांडगा. एका जर्मानिक भाषेतला पहिला मोठा ग्रंथ या छोट्या लांडग्याने लिहिला. तेव्हा आडाल निर्दोष, वोल्फही निर्दोष. दोघे एकत्र आले की मात्र जर्मनीत लोक गप्प होतात.

नेहमीच तसे नव्हते. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाचा बाप एथेलवुल्फ, तो मूळचा हाच. तेराव्या शतकात ओस्नाब्र्यूकचा बिशप आडोल्फ संतपदाला पोचला. नासाउचा आडोल्फ १२९२ साली जर्मनांचा राजा झाला आणि १२९८ साली ग्योलहाइमच्या लढाईत पडला. या नावाला खरी प्रतिष्ठा दिली ती एका परदेशी माणसाने. स्वीडनचा राजा गुस्टाव्ह आडोल्फ तीस वर्षांच्या युद्धात प्रॉटेस्टंटांच्या बाजूने जर्मनीत उतरला आणि १६३२ च्या नोव्हेंबरात ल्यूत्सेनच्या रणावर मरण पावला. त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १८३२ साली, त्याच्या नावाने धर्मादाय संस्था निघाली. एकोणिसाव्या शतकात तर हे नाव घरोघर होते. आडोल्फ मेन्त्सेल हा चित्रकार. आडोल्फ कोल्पिंग हा चांभारकाम सोडून धर्मगुरू झालेला आणि गावोगाव भटकणाऱ्या तरुण कारागिरांसाठी वसतिगृहे काढणारा सज्जन. आडोल्फ फॉन बायर हा रसायनशास्त्रज्ञ. याने १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार केली आणि १९०५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. ही कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली आणि आपल्या देशातल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. बायरची आई ज्यू घराण्यातली होती. त्या काळी ज्यू घरांतही मुलांना आडोल्फ म्हणत. न्यूयॉर्क टाइम्स नावारूपाला आणणारे आडोल्फ ऑक्स हे जर्मन-ज्यू आईबापांचे पुत्र. फ्रान्समध्ये बेंजामिन कॉन्स्टंटने १८१६ साली कादंबरी लिहिली ती ‘आडोल्फ’. तिचा नायक प्रेमात दुबळा, आणि रक्तपाताशी त्याचा काहीही संबंध नाही.

एवढे हाती आल्यावर मी विजयी मुद्रेने हिंडत होतो. त्यात एक शेवटचा हुकमी पत्ता मिळाला. हेर्त्सोगेनआउराख नावाच्या छोट्या जर्मन गावात दोन भाऊ जोडे शिवीत. एक आडोल्फ डास्लर, दुसरा रुडॉल्फ डास्लर. दोन्ही लांडगेच म्हणायचे! दोघे भांडले आणि वेगळे झाले. रुडॉल्फने ‘प्युमा’ काढली. आडोल्फने १९४९ साली आपल्या लाडक्या नावाला आडनावाचा तुकडा जोडला : आदी आणि डास. आदिदास! म्हणजे ज्या नावावर वर्ग हसला, ते नाव अर्ध्या वर्गाच्या पायांत होते. (हे दोघे भाऊ १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते, हा तपशील त्याच पानावर होता. मी तो माझ्या टिपणात घेतला नाही. वकील असेच करतात.)

माझ्या युक्तिवादातला सर्वांत बळकट मुद्दा मात्र वेगळा होता. गोबेल्सचे नाव योसेफ. आउश्वित्समध्ये मुलांवर प्रयोग करणाऱ्या मेंगेलेचे नावही योसेफ. हिमलरचे हाइनरिश, ग्योरिंगचे हेरमान, आउश्वित्सच्या कमांडंटचे रुडॉल्फ. मग जगाने योसेफ टाकला का? नाही. येशूच्या पालकपित्याचे नाव ते. त्याचे लक्षावधी धनी, आणि त्या गर्दीत दोन-चार राक्षस बुडून गेले. तेव्हा आडोल्फचा अपराध एवढाच, की त्याला गर्दी कमी पडली. हा न्याय झाला काय?

हा मुद्दा मला अजूनही खोटा वाटत नाही. परंतु तो अपुरा आहे हे मला ज्या पुस्तकाने शिकवले, ते बाईंनी स्वतःहून आणून दिले होते. एखादे नाव नुसतेच एका माणसाला चिकटते आणि एखादे नाव तो माणूस स्वतः ओढून, ताणून, साऱ्या देशावर पसरतो, यांत फरक आहे. २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाउ येथे जन्मलेल्या त्या मुलाला हे नाव त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच मिळाले. पुढे त्याला त्यातला लांडगा फार आवडू लागला. १९२० नंतरच्या दशकात तो ‘वोल्फ’ हे टोपणनाव वापरी. युद्धात पूर्व प्रशियातल्या जंगलात त्याने मुख्य ठाणे उभारले त्याचे नाव ‘वोल्फ्सशान्त्से’, लांडग्याचा मोर्चा. गावोगावच्या चौकांना आणि रस्त्यांना त्याचे पूर्ण नाव लागले. १९३३ नंतर काही काळ नवजात मुलांतही आडोल्फ वाढले. म्हणजे ज्या कुलीन लांडग्याचा अर्थ हजार वर्षे कोणी लावीत बसले नव्हते, त्याचा शब्दशः अर्थ लावणारा हा मनुष्य निघाला.

आणि नाव म्हणजे नुसता शब्द, असे मी म्हणालो होतो. त्या राजवटीला तसे वाटत नव्हते. १७ ऑगस्ट १९३८ रोजी जर्मनीत एक हुकूम निघाला. ज्या ज्यू माणसाचे नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल, त्याने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावापुढे आणखी एक नाव लावायचे. पुरुषांनी ‘इस्रायल’, बायकांनी ‘सारा’. ते नोंदणी कार्यालयात कळवायचे, सरकारी कामात प्रत्येक वेळी लिहायचे, न लिहिल्यास शिक्षा. विचार करा. एखादा वृद्ध प्राध्यापक असेल, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला, त्याच्या आईबापांनी कौतुकाने त्याला सीगफ्रीड म्हटलेले किंवा आडोल्फच म्हटलेले. त्याला आता सहीमध्ये आडोल्फ इस्रायल असे लिहायचे आहे. बायबलमधली सर्वांत पूज्य नावे निवडून त्यांचा डाग केला. तो डाग पाहून पुढे कोणाला गाडीत चढवायचे ते ठरवणे सोपे गेले.

येथे माझे वकीलपत्र हातातून गळू लागले. नावाला काही होत नाही, हे म्हणायला ज्याचे नाव शाबूत आहे असा माणूस लागतो.

पण त्याच पुस्तकात मला दुसरा एक आडोल्फ भेटला, आणि त्याच्यावाचून हा लेख मी लिहिला नसता. आडोल्फ राइशवाइन, जन्म १८९८. हाले येथे शिक्षकांच्या महाविद्यालयात प्राध्यापक, समाजवादी विचारांचा. १९३३ मध्ये नाझींनी त्याला काढून टाकले. तो बर्लिनजवळच्या टीफेनझे या खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर मास्तर म्हणून गेला. तेथे त्याने मुलांना हातांनी वस्तू करायला, स्वतः पाहून-मोजून शिकायला लावले. त्या प्रयोगावरचे त्याचे पुस्तक शिक्षणशास्त्रात आजही वाचले जाते. पुढे तो हिटलरविरोधी गटात सामील झाला. जुलै १९४४ मध्ये पकडला गेला. २० ऑक्टोबर १९४४ रोजी बर्लिनच्या प्लोत्सेनझे तुरुंगात त्याला फाशी दिले. एका आडोल्फच्या राज्यात दुसऱ्या आडोल्फला. आज जर्मनीत कित्येक शाळांच्या दारांवर ‘आडोल्फ राइशवाइन शाळा’ अशी पाटी आहे. सकाळी दप्तरे घेऊन मुले त्या पाटीखालून आत जातात. त्या मुलांत आडोल्फ नावाचे बहुधा कोणी नसते.

कारण १९४५ नंतर जर्मनीत हे नाव जवळजवळ नाहीसे झाले. त्याच्यावर कायद्याने बंदी नाही. मुलाच्या हिताला बाध येईल असे नाव नोंदणी अधिकारी नाकारू शकतो, पण त्या अधिकाराची येथे क्वचितच गरज पडली. लोकांनीच ते खाली ठेवले. युद्धाआधी जन्मलेले आडोल्फ म्हातारे होत गेले. २०१० साली फ्रान्समध्ये ‘ल प्रेनों’ म्हणजे ‘पहिले नाव’ असे नाटक आले. त्यात एक होणारा बाप जेवणाच्या टेबलावर सांगतो, की आम्ही मुलाचे नाव आडोल्फ ठेवणार. तेवढ्यावर सबंध जेवण उधळते. त्याचा बचावही तोच, कॉन्स्टंटच्या कादंबरीचा! जर्मनांनी २०१८ मध्ये त्यावर आपला चित्रपट काढला. माझा युक्तिवाद इतका शिळा होता हे कळून मी जरा ओशाळलो.

ठरल्या दिवशी मी वर्गात बोललो. वृकोदरावर लोक हसले, आदिदासवर त्याहून अधिक हसले. मग मी १९३८ च्या हुकमाचे सांगितले. दहाची वीस मिनिटे झाली होती. संपल्यावर कोणी काही विचारले नाही. पुढच्या बाकावर आमची एक मैत्रीण बसते. अलिबागकडची, आडनाव ‘कर’ने संपणारे. तिच्या डब्यातल्या चवळीच्या उसळीवर आम्ही सगळे तुटून पडतो. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, “आमच्या घरात दोघी सारा आहेत. आजी, आणि आत्याची मुलगी.”

तेवढेच. ती बेने इस्रायल आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही विचारले नव्हते, आणि तिला सांगावे असे वाटले नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिलेला, तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला गेलेला, मराठी बोलणारा हा समाज. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. जे नाव बर्लिनमध्ये डाग म्हणून माणसांवर मारले, ते नाव घेऊन ही माणसे आपल्या रायगड जिल्ह्यात मानाने जगली. आणि पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावर हात ताठ झाला तेव्हा ती पुढच्या बाकावर होती. मी हसलो, तेव्हाही.

आता माझे मत सांगतो. जर्मनांनी हे नाव खाली ठेवले ते अंधश्रद्धेने नव्हे. शब्द अपराधी आहे असे ते मानीत असते तर राइशवाइनच्या पाट्या त्यांनी काढल्या असत्या. त्यांनी एवढेच ओळखले, की नाव हे कोशात ठेवायचे नसते, मोठ्याने हाक मारायचे असते. आणि हाक शेजाऱ्यालाही ऐकू जाते. अंगणात पोराला हाक मारायची, आणि पलीकडच्या घरातल्या म्हातारीने दचकायचे, असे कोणाला आवडेल? व्युत्पत्ती कितीही निर्मळ असली तरी त्या म्हातारीला ती समजावून सांगता येत नाही. मुलीचे नाव मंथरा ठेवलेले तुम्ही ऐकले आहे काय? त्या शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘मंद’ असा आहे. कोशाचा आधार घेऊन कोणी ते ठेवीत नाही.

उलट आपल्याकडे पाहा. वसतिगृहात कडक रेक्टर आला की तो ‘हिटलर’. परीक्षेत कॉपी पकडणारे सर ‘हिटलर’. २०११ साली दूरचित्रवाणीवर ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका आली आणि घरोघर पाहिली गेली. त्याआधी २००६ मध्ये नव्या मुंबईत खारघरला एक उपाहारगृह निघाले त्याचे नाव ‘हिटलर्स क्रॉस’; मुंबईच्या ज्यू समाजाने आणि इतरांनी हरकत घेतल्यावर ते बदलले गेले. पुण्यामुंबईच्या पदपथांवर त्याच्या आत्मचरित्राच्या चळती असतात, आणि यशस्वी कसे व्हावे हे सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी त्या रचलेल्या असतात. पुस्तक वाचू नये असे मी म्हणत नाही, इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर वाचावेच. मला खटकते ते त्याचे शेजार. आणि मला खटकते ती ‘शिस्त होती हो त्याच्याकडे’ ही आपली कौतुकाची मान डोलावणी. शिस्त होती, गाड्या वेळेवर सुटत, आणि त्यांत सारा आणि इस्रायल बसवलेले असत.

हे फार सोवळेपणाचे झाले, असे काही मित्रांनी मला तोंडावर सांगितले. एका टोपणनावाने काय बिघडते? बरोबर आहे, रेक्टरांचे काही बिघडत नाही. साठ लाख ज्यूंना मारणाऱ्या माणसाचे नाव रात्री साडेदहाला दिवा बंद करायला लावणाऱ्याला दिले, की त्या नावातले साठ लाख हळूहळू नाहीसे होतात आणि दिवा तेवढा उरतो. माझी तक्रार एवढीच आहे. रेक्टरांसाठी मराठीत ‘खडूस’ हा उत्तम शब्द आहे.

असो. बाईंनी त्या दिवशी तास संपताना हजेरीपट उघडला आणि विचारले, “मग? काय लिहू?” मी दोन नावे तयार ठेवली होती. एक रुडॉल्फ. कारण त्या लांडग्याच्या राज्यातून निघून दुसरा एक लांडगा १९३३ साली मुंबईला आला होता. रुडॉल्फ फॉन लायडेन. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षक. हुसेन, आरा, रझा यांच्यामागे हे नाव उभे राहिले, आणि पुढे त्याने आपल्या देशातल्या गंजिफांचा अभ्यास केला, ज्या सावंतवाडीला अजून रंगवल्या जातात. पण रुडॉल्फ आमच्या वर्गात आधीच एकाने घेतलेला निघाला.

दुसरे नाव वाल्टर. ‘वाल्ट’ म्हणजे सत्ता चालवणे, ‘हेरि’ म्हणजे सैन्य. अर्थ झाला सेनेचा स्वामी. वाल्टर काउफमान हा जर्मन बोलणारा ज्यू संगीतकार १९३४ साली युरोप सोडून मुंबईला आला आणि १९३७ पासून नऊ वर्षे आकाशवाणीच्या नोकरीत होता. पहाटे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वाजणारी ती आकाशवाणीची धून, तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः त्याला देतात. माझे आजोबा ती ऐकूनच दाढीचे पाणी तापत ठेवीत. सेनेच्या स्वामीने आयुष्यात कमावलेले हे एवढे राज्य.

बाईंनी ‘वाल्टर’ असे लिहिले. मागच्या बाकावरचे अजून मला आदीच म्हणतात. पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीने त्याच दिवशी आपले नाव निवडले. तिने हिल्डेगुंड घेतले, आणि युद्धयुद्धा म्हणून हाक मारली की ती डबा उघडत नाही.